होल सॉची पेटी: प्लायच्या खुंट्यांवर कटर बसवण्याची पद्धत

प्लंबिंग, वायरिंग किंवा फॅब्रिकेशनच्या कामात नव्याने उतरलेला माणूस होल सॉ, म्हणजे मोठी गोल भोके पाडणारा दातेरी वाटीसारखा कटर, सहसा एकेक करून विकत घेतो. एका कामाला २५ मिमीचा लागतो, पुढच्या कामाला ३५ चा, मग कोणाच्या तरी टाकीसाठी ६४ चा. वर्षभरात निरनिराळ्या कंपन्यांचे दहा-बारा कटर जमा होतात आणि ते सगळे कापडी पिशवीत, पान्यांच्या आणि सोल्यूशनच्या डब्यांच्या शेजारी, एकमेकांवर आपटत फिरू लागतात. सांगलीहून तासगावला किंवा साताऱ्याहून पाटणला दुचाकीवरून जाताना वाटेतले गतिरोधक आणि खड्डे लक्षात घेतले, म्हणजे कटर कापताना जितका झिजतो त्याहून अधिक पिशवीत का खराब होतो, हे समजते. बाय-मेटल, म्हणजे दोन धातू जोडून केलेल्या होल सॉचे दात हाय-स्पीड स्टीलचे असतात. ते कठीण असल्यामुळे पोलाद कापू शकतात, परंतु बाजूने बसलेला ठोका त्यांना सोसत नाही. पिशवीत फिरलेला कटर उजेडात धरून पाहिला तर एखाद्या दाताचे टोक उडालेले आणि त्याच्या शेजारचे दोन दात चमकेपर्यंत घासलेले दिसतात. मोडलेल्या दाताच्या वाटणीचे काम पुढच्या दातावर येते, आणि मग तोही फार दिवस टिकत नाही.

तयार सेटसोबत मिळणारी साच्याची प्लास्टिक पेटी या अडचणीवर फारशी उपयोगी पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पेटीत कंपनीने ठरवलेल्या मापांनाच जागा असते. आपल्याला हवा असलेला ११४ चा कटर तिच्यात मावत नाही आणि कधीही न लागणाऱ्या तीन मापांचे खड्डे मात्र जागा अडवतात. त्यामुळे आतून सपाट असलेली रिकामी पेटी घेऊन तिच्यातली मांडणी स्वतः करणे हेच अधिक सोयीचे ठरते. खाली दिलेल्या पद्धतीला ड्रिल मशीन, हॅकसॉ, व्हर्नियर, १२ मिमी प्लायचे उरलेले तुकडे आणि ईव्हीए शीट (चपलांना वापरतात तो दाट फोम) हे मुख्य साहित्य लागते. खुंट्या पाडण्याचे काम तर आपलेच कटर करतात.

पेटीत काय ठेवायचे ते आधी ठरवा

पेटी विकत घेण्यापूर्वी आपल्या कामाची मापे कागदावर लिहून काढावीत. येथे नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण दुकानात पाइप इंचात मागितला जातो, कटरवर मिलिमीटर लिहिलेले असतात आणि जुना मिस्त्री सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिमी. ‘एक इंची’ टँक निपलसाठी (टाकीला पाइप जोडायच्या आट्यांच्या तुकड्यासाठी) २५ चा कटर लावणारा मुलगा प्रत्येक गावात एखादा तरी सापडतो. प्रत्यक्षात एक इंची आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे ३३.२५ मिमी असतो आणि त्याला ३५ चा कटर लागतो. अर्ध्या इंची आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिमी असतो, म्हणून तेथे २२ चा कटर चालतो. गरम-थंड पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपांचा हिशेब याहून वेगळा आहे: अर्धा इंची पाइप बाहेरून १५.९ मिमी, पाऊण इंची २२.२ मिमी आणि एक इंची २८.६ मिमी भरतो. शेतीच्या आणि सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपांचे माप मात्र सरळ बाहेरच्या व्यासानेच सांगितले जाते. ते ६३, ७५, ९० आणि ११० असे असून त्यांना अनुक्रमे ६४, ७६, ९२ आणि ११४ चे कटर मोकळेपणाने पुरतात. वायरिंगच्या २० आणि २५ मिमी पाइपांना २२ आणि २७ किंवा २९ चा कटर लागतो, तर पॅनेलवरच्या नेहमीच्या पुश बटणाला २२ चा.

या यादीतून आपली यादी तयार होते. घरगुती प्लंबिंग आणि थोडी शेतीची कामे करणाऱ्यासाठी १९, २२, २५, ३२, ३५, ३८, ४४, ५१, ६४, ७६ आणि ११४ अशी अकरा मापे मी धरली आहेत, आणि पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर बेतलेला आहे. ग्रॅनाइट आणि कडप्पा कापायचे डायमंड कटर या पेटीत ठेवू नयेत. ते पाण्यावर चालतात, त्यांच्यासोबत दगडाचा चिखल येतो आणि तो बाकीच्या कटरना गंज चढवतो. त्यांच्यासाठी झाकणाचा साधा प्लास्टिकचा डबा पुरेसा आहे.

कटरची दोन कुळे

मांडणी करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. बहुतेक कंपन्यांच्या १४ ते ३० मिमी मापाच्या कटरना अर्ध्या इंची, म्हणजे इंचाला २० आटे असलेली चूड असते. ३२ मिमी आणि त्यापुढच्या कटरना पाच सुती, म्हणजे इंचाला १८ आटे असलेली. याचाच अर्थ असा की, आर्बरही, म्हणजे कटर मशीनला जोडणारे दांडेही, दोन लागतात. लहान आर्बरवर कटर नुसता आवळून बसतो. मोठ्या आर्बरला दोन पिना असतात आणि त्या कटरच्या पाठीवरच्या भोकांत शिरून जोर पेलतात. पिना न बसवता मोठा कटर चालवला तर तो आर्बरवर इतका घट्ट आवळला जातो की, काढताना दोन पाने लावावे लागतात.

म्हणून पेटीतही कटरची ही दोन कुळे वेगळी ठेवावीत आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याचे आर्बर ठेवावे. शिडीवर उभ्या असलेल्या मिस्त्रीने खाली हात केला आणि पोराने विचारले, “आण्णा, कुठलं आर्बर देऊ?” तर उत्तर द्यावे लागू नये, कटर ज्या रांगेतून निघाला, त्याच रांगेतले आर्बर त्याला लागते.

पेटीची निवड

आतून सपाट, सुमारे ४०० मिमी लांब आणि ३०० मिमी रुंद पेटी वरील अकरा कटरना पुरते. खोलीचा हिशेब मात्र नीट करावा. तळाशी १० मिमी ईव्हीए, त्यावर ६ मिमी प्लायचा पाट, त्यावर ४८ मिमी उंचीच्या खुंट्या, खुंटीवर कटरची जेमतेम ६ मिमी जाडीची पाठ आणि तिच्यावर दाब देणारा झाकणाचा फोम, हे सगळे मिळून झाकण लावल्यावर आत किमान ८५ मिमी उंची हवी. पत्र्याची पेटी स्वस्त मिळते आणि दणकट असते, परंतु पावसाळ्यात ती आतून घामेजते. कडेला रबराची गॅस्केट असलेली प्लास्टिक पेटी मिळाली तर तीच घ्यावी. दुकानात जाताना सर्वांत उंच कटर खिशात टाकून न्यावा आणि पेटीत उभा करून पाहावा, कारण पेटीवर छापलेली मापे बऱ्याचदा बाहेरची असतात.

कागदावरची मांडणी

पेटीच्या आतल्या मापाचा जाड कागद कापून त्यावर कटर प्रत्यक्ष ठेवून पाहावेत. पहिल्या रांगेत ११४, ७६, ६४ आणि ५१ हे चार मोठे कटर येतात. त्यांचे व्यास मिळून ३०५ मिमी होतात. मधल्या तीन फटी प्रत्येकी १५ मिमी आणि दोन्ही कडांना १२ मिमी जागा सोडली, तर एकूण ३७४ मिमी भरतात, म्हणजे ४०० च्या पेटीत ही रांग आरामात बसते. दुसऱ्या रांगेत ४४ पासून १९ पर्यंतचे सात कटर बसतात. त्यांच्यामध्ये १८ मिमी फट ठेवावी, कारण लहान कटर दोन बोटांत धरून उचलायचा असतो आणि बोट शिरले नाही तर माणूस तो पक्कडीने ओढू लागतो. या रांगेतल्या ४४, ३८, ३५ आणि ३२ यांचे कूळ मोठे, तर २५, २२ आणि १९ यांचे लहान असल्यामुळे लहान आर्बरची जागा त्या तिघांसमोर धरावी. दोन रांगा झाल्यावर समोरच्या बाजूस सुमारे १०० मिमीचा पट्टा उरतो. तो आर्बर, जादा पायलट ड्रिल (कटरच्या मधोमध बसणारे, आधी भोक पाडणारे बारीक ड्रिल), ॲलन की आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर यांच्यासाठी राखून ठेवावा. कटरमध्ये अडकलेली चकती बाजूच्या खाचेतून ढकलून काढायला स्क्रू ड्रायव्हर लागतोच, आणि तो हाताशी नसला की, लोक कटर फरशीवर आपटतात.

मोठ्या कटरची रांग बिजागऱ्यांच्या बाजूला असावी, याला कारण आहे. पेटी मुठीने उचलली की बिजागऱ्यांची बाजू खाली जाते. जड कटर त्या बाजूला असले तर पेटी हातात सरळ लटकते. उलट असले तर ती हेलकावे खाते आणि दुचाकीच्या कॅरिअरवर बांधल्यावर दोरी सैल करते.

जागा अगदीच कमी असेल तर क्वचित लागणारे मोठे कटर एकात एक घालता येतात: मोठा तोंड वर करून ठेवायचा, त्यात लहान, आणि दोघांच्या मध्ये ईव्हीएची पट्टी. रोजच्या कटरना मात्र ही सवय लावू नये.

खुंट्या तयार करणे

कटर फोमच्या खड्ड्यात ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते, परंतु मला ती पटत नाही. दात खाली केले तर ते फोम कुरतडतात आणि लोखंडाचा कीस त्यात रुतून बसतो. दात वर केले तर घाईत हात घालणाऱ्याची बोटे कापतात. त्याऐवजी कटर आतून धरावा, म्हणजे पोकळीत खुंटी शिरावी, कटरची पाठ खुंटीच्या डोक्यावर टेकावी आणि दात खाली हवेत अधांतरी राहावेत.

ही खुंटी बनवण्याचे साधन कटरच्या पोटातच असते. प्लायला भोक पाडल्यावर जी चकती आत राहते, तिचा व्यास कटरच्या आतल्या पोकळीपेक्षा किंचित कमी असतो, कारण दात आतल्या बाजूलाही थोडे फाकलेले असतात. ती चकती कटरमध्ये अडखळल्याशिवाय आत-बाहेर होते. शिवाय पायलट ड्रिलमुळे तिच्या मधोमध ६.३५ मिमीचे भोक आपोआप पडलेले असते आणि ६ मिमीचा बोल्ट त्यात सरळ उतरतो.

१२ मिमी प्लायच्या चार चकत्या एकावर एक ठेवल्या की ४८ मिमीची खुंटी होते. नेहमीच्या बाय-मेटल कटरची कापण्याची खोली ३८ मिमीच्या आसपास असते आणि आतली पोकळी त्याहून थोडीच अधिक, त्यामुळे दात पाटापासून पाच-सात मिलिमीटर वर राहतात. आपला कटर यापेक्षा खोल आहे का, हे व्हर्नियरच्या मागच्या काडीने मोजून घ्यावे आणि असेल तर आणखी एक चकती वाढवावी. प्लाय शिकंज्यात घट्ट आवळून पायलट ड्रिलचे टोक दुसऱ्या बाजूने दिसेपर्यंत भोक पाडावे, मग प्लाय उलटा करून उरलेले कापावे. असे केल्याने कडेचे पापुद्रे निघत नाहीत आणि चकतीला धरायला थोडी बाहेर आलेली कडही मिळते. मशीन हळू चालवावे. हातातल्या मशीनला ७६ किंवा ११४ चा कटर लावला असेल तर बाजूची मूठ बसवल्याशिवाय बटण दाबू नये, कारण कटर अडकला की मशीनच फिरते आणि मनगट मुरगळते.

चकत्यांना पांढरे फेव्हिकॉल लावून त्या ६५ मिमी लांबीच्या ६ मिमी ॲलन बोल्टवर ओवाव्यात, पाटाच्या भोकातून बोल्ट खाली काढून वॉशर आणि नट आवळावे. बोल्टच शिकंज्याचे काम करतो, त्यामुळे वेगळे दाबून ठेवण्याची गरज नाही. ॲलन बोल्टच सांगण्याचे कारण असे की, त्याचे गोल डोके १० मिमीचे असते आणि ते कटरच्या पाठीवरच्या चुडीच्या भोकात न घासता शिरते. षटकोनी डोके लहान कटरच्या आट्यांना लागते. डोक्याखाली वॉशर घालू नये, नाहीतर कटर त्या वॉशरवरच डुगडुगत राहील. खाली उरलेला बोल्ट हॅकसॉने कापून कानशीने घासावा.

६४, ७६ आणि ११४ साठी चारही चकत्या पूर्ण मापाच्या पाडल्या तर प्लाय वाया जातो. तेथे तळापासून दुसरी चकती तेवढी त्या कटरचीच ठेवावी आणि बाकीच्या तीन ३८ किंवा ४४ च्या घ्याव्यात. दुसरीच का, तर दात पहिल्या चकतीच्या उंचीवर असतात आणि दुसरी चकती दातांच्या वरच्या गुळगुळीत भिंतीला आतून धरते, त्यामुळे कटर हलत नाही आणि दातांना काही लागतही नाही.

१९ आणि २२ च्या चकत्या फार बारीक निघतात आणि बोल्ट आवळताना फुटतात. त्यांच्यासाठी अर्ध्या इंची गोल लाकडी दांड्याचे ४८ मिमीचे तुकडे घ्यावेत आणि पाटाच्या खालून स्क्रूने पक्के करावेत. स्क्रूआधी बारीक ड्रिलने वाट करावी, नाहीतर दांडा उभा चिरतो. १० मिमीचा दांडा घेऊ नये, कारण तो चुडीच्या भोकातून सरळ वर निघून जातो आणि कटर दातांवर येऊन बसतो.

पाट, फोम आणि झाकण

सगळ्या खुंट्या बसवण्याआधी पाटाला दोन्ही बाजूंनी ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. वरची बाजू पिवळी किंवा केशरी अशी भडक असावी. काळ्या-तांबड्या कटरच्या खाली असा रंग असला की, काम संपल्यावर पेटी उघडताच कोणती खुंटी मोकळी आहे ते दिसते आणि कटर ग्राहकाच्या गच्चीवर राहत नाही. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेल्यांना हा प्रकार फाइव्ह एसच्या, म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवण्याच्या कारखान्यातल्या पद्धतीच्या, फळ्यांवरून ओळखीचा वाटेल. तेथे हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली असते, येथे खुंटी ते काम करते. प्रत्येक खुंटीसमोर ऑइल पेंटच्या मार्करने तीन गोष्टी लिहाव्यात: मिलिमीटर, सूत किंवा इंच, आणि काम. उदाहरणार्थ ‘३५, ११ सूत, एक इंची निपल’.

पाटाखाली १० मिमी ईव्हीए शीट घालून नटांच्या जागी खड्डे कोरावेत. ईव्हीए शीट चपलांचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते आणि सांगलीच्या गणपती पेठेसारख्या बाजारात विचारत गेल्यास ती शोधायला वेळ लागत नाही. सोफ्याचा स्पंज वापरू नये. तो पाणी आणि तेल धरून ठेवतो आणि काही काळाने त्याचा भुगा होतो. ईव्हीएच्या आतले बुडबुडे बंद असल्यामुळे ती पाणी पीत नाही. समोरच्या पट्ट्यात २५ मिमी जाडीची ईव्हीए चिकटवून तिच्यात आर्बरचे आकार कापावेत. आकार काढताना पेनची रेष आर्बरच्या बाहेरून जाते, म्हणून कागद कापायच्या कटरच्या पात्याने रेषेच्या आतून कापावे, म्हणजे आर्बर घट्ट बसते. पाते नवे असावे आणि ते एका दमात खाली न दाबता तीन-चार वेळा ओढावे. प्रत्येक आकाराच्या मध्यावर अंगठा शिरेल एवढी खाच ठेवावी. चिकटवण्यासाठी रबर आणि रेक्झिनला वापरतात ते सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबून मगच दाबावे. हे काम दार-खिडक्या उघड्या ठेवून करावे.

झाकणाला आतून मऊ फोम लावायचा असतो. त्याची जाडी अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक कटरच्या पाठीवर मळलेल्या कणकेची गोळी ठेवून झाकण बंद करावे आणि उघडून दबलेली गोळी मोजावी. त्या मापापेक्षा तीन-चार मिलिमीटर जाड फोम घ्यावा. कंपन्या वेगवेगळ्या असतील तर कटरची उंचीही थोडी वेगळी भरते. ठेंगण्या कटरच्या जागी फोमवर आणखी एक पट्टी चिकटवली की काम भागते. पेटी बंद करून उभी, आडवी आणि उलटी हलवावी. खुळखुळ ऐकू आली तर बहुतेक वेळा ती पायलट ड्रिलची असते, कटरची नव्हे. त्याची खाच अरुंद करावी.

समोरच्या पट्ट्यात फेऱ्यांचा एक लॅमिनेट केलेला कागद ठेवावा. साध्या लोखंडासाठी २५ च्या कटरला मिनिटाला सुमारे ३५०, ५१ ला १७५ आणि ७६ ला ११५ फेरे धरतात; स्टेनलेससाठी त्याच्या निम्मे. शिकाऊ मुले मोठा कटर पूर्ण वेगाने चालवतात आणि दात निळे पडले की कटरला नावे ठेवतात.

पावसाळा आणि देखभाल

महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी जूनपासून गंजाकडे विशेष लक्ष द्यावे. कटरच्या अंगाला रंग असतो, दात मात्र उघडे असतात. पेटीत परत ठेवण्यापूर्वी ब्रशने कीस झाडून, दातांवर तेलाच्या फडक्याचा एक हात फिरवावा. शिलाई मशीनचे तेल पुरते. भिजलेला कटर फडक्याने पुसून तसाच पेटीत बंद करू नये, घरी गेल्यावर पेटी रात्रभर उघडी ठेवावी. सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या आर्बरच्या खाचेजवळ ठेवल्यास बंद पेटीतला दमटपणा कमी होतो, आणि त्या दर महिन्याला बदलाव्यात. पाटाचे नट मात्र पावसाळ्यानंतर एकदा आवळावेत, कारण प्लाय फुगून पुन्हा बसला की ते सैल होतात.

एखादा कटर बोथट झाला आणि त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा आणला, तर तो आधी खुंटीवर ठेवून पाटाजवळ डोळा नेऊन पाहावे. दात पाटाला टेकत असतील तर बोल्ट सैल करून तळाशी ३ मिमी प्लायची चकती सरकवावी; भिंत जाड असल्यामुळे तो खुंटीवर उतरतच नसेल तर चकत्यांची कड पॉलिश पेपरने घासावी. यासाठी नवी खुंटी पाडण्याची वेळ क्वचितच येते.